कामाचा दोर आणि जिवाचा दोर

दसरा उलटून दिवाळी दृष्टिपथात आली की आमच्या शहरात रंगाच्या डब्यांची उलाढाल वाढते. सावेडीच्या वसाहतींपासून केडगाव-भिंगारपर्यंत तिमजली-चौमजली इमारतींच्या भिंतींवरून दोर सोडलेले दिसू लागतात. दोराच्या टोकास एक फळी, फळीवर एक तरुण, त्याच्या एका हातात ब्रश, आणि दुसऱ्या हाताने त्याने तोच दोर धरलेला असतो, ज्यावर त्याच्या देहाचा सर्व भार आहे. वर गच्चीत तो दोर कशास बांधला आहे हे रस्त्याने जाणाऱ्यास दिसत नाही. पुष्कळदा तो पाण्याच्या टाकीच्या नळास किंवा कठड्यातून डोकावणाऱ्या गंजक्या गजास बांधलेला असतो. खाली उभा असलेला घरमालक ‘त्या कोपऱ्यात रंग नीट लागला नाही,’ असे ओरडून सांगतो. त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यास त्या तरुणास किती वाकावे लागेल, हा विचार त्याच्या मनास शिवतही नाही. हा घरमालक दुष्ट असतो असे नव्हे. बहुधा तो सज्जन असतो. दुपारी त्याच तरुणास तो घरातून चहा पाठवितो. परंतु सौजन्य निराळे आणि जबाबदारी निराळी, आणि आज आम्हांस बोलावयाचे आहे ते जबाबदारीविषयी.

हा प्रकार केवळ रंगाऱ्यांपुरता नाही. मृग लागण्यापूर्वी गळके पत्रे बदलण्याची घाई होते. अकोले तालुक्याच्या पावसाळी भागात कौले शाकारण्यासाठी माणसे छपरावर चढतात. गच्चीवरील टाकी धुणारा, बाहेरच्या भिंतीवरील नळ दुरुस्त करणारा, सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविण्याचे यंत्र बसविणारा, विजेच्या तारा ओढणारा, हे सर्व एकाच वर्गात मोडतात. यांस कारखाना नाही, हजेरीपट नाही, मुकादमही पुष्कळदा नाही. काम एका दिवसाचे, फार तर आठवड्याचे. सकाळी नाक्यावर बोलणी होतात, सायंकाळी पैसे चुकते होतात आणि उभयतांचा संबंध संपतो. मधल्या काळात मनुष्य पडला तर तो कोणाचा, हा प्रश्न मात्र आधी कोणीच विचारलेला नसतो.

आमच्या आडते बाजारातील व कापड बाजारातील वाचकांस हा प्रश्न त्यांच्याच भाषेत विचारतो. आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे, अशी तिची अट असे. म्हणजे वाटेतील जोखीम कोणाच्या शिरावर, हे माल हलण्यापूर्वीच कागदावर ठरत असे. आजही गुळाची ढेप किंवा कापडाचा गठ्ठा मालमोटारीत चढण्यापूर्वी त्याच्या विम्याची चौकशी होते. मग ज्या व्यवहारात माल म्हणजे जिवंत मनुष्य आहे, तेवढ्याच व्यवहारात जोखीम कोणाची हे न ठरविता आम्ही त्यास वर चढू देतो, हे व्यापारी बुद्धीस तरी शोभते काय? न ठरविल्यामुळे जोखीम नाहीशी होत नाही. ती मुकाट्याने सर्वांत दुर्बळ माणसाच्या, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोच्या शिरावर जाऊन बसते.

उंची फार नसली म्हणजे धोका फार नसतो, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. अवघ्या १२ फुटांवरून सुटलेला मनुष्य एक सेकंद भरण्यापूर्वीच जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो. दुमजली घराच्या गच्चीवरून, म्हणजे सुमारे २० फुटांवरून पडणाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जातो. सावध असलेल्या मनुष्यासही एवढ्या अवधीत स्वतःस सावरता येत नाही. यास्तव ‘तो सराईत आहे, वीस वर्षे हेच करतो,’ या म्हणण्यास अर्थ नाही. सराईतपणाने पाय घसरण्याचे प्रसंग कमी होतात; घसरल्यावर तो सराईतपणा काहीएक उपयोगी पडत नाही. सिमेंटचा पत्रा तर सराईत व नवशिका असा भेद ओळखतच नाही. वरून धड दिसणारा जुना पत्रा पाय पडताच फुटतो. त्यावर चालावयाचे तर खालच्या आधारांवर आडव्या फळ्या टाकूनच चालले पाहिजे, हा साधा नियमही पाळला जात नाही, कारण फळ्या आणण्याचे भाडे कोणी द्यावे हे ठरलेले नसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कामावर असता कामगारास अपघात झाला तर त्याची भरपाई मालकाने केली पाहिजे, हे तत्त्व या देशात १९२३ च्या कायद्याने प्रस्थापित झाले. त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एकाहून अधिक मजल्यांच्या, किंवा छपराच्या माथ्यापर्यंत १२ फूट अथवा अधिक उंच असलेल्या इमारतीचे बांधकामच नव्हे, तर तिची देखभाल व दुरुस्ती करणारेही स्पष्ट शब्दांत घातले गेले. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या नैमित्तिक कामगारास वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तत्त्व मात्र शंभर वर्षे तेच राहिले आहे.

या तत्त्वाचा हिशेब किती होतो, हेही वाचकांनी पाहावे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. ३० वर्षांच्या मनुष्यासाठी हा अंक २०७.९८ आहे. २०२० साली हिशेबासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरली. तीच धरली तर भरपाई १५,५९,८५० रुपये होते. महिन्याच्या आत रक्कम न दिल्यास तीवर शेकडा १२ दराने व्याज, आणि विलंबास सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. याउलट भारतीय मानक ३५२१ ची खूण असलेला, खांद्यांपासून मांड्यांपर्यंत सर्व शरीर धरून ठेवणारा पट्टा दोन-तीन हजार रुपयांत येतो. दोन्ही आकडे एकाखाली एक मांडून कोणता खर्च परवडतो, हे आमच्या वाचकांस आम्ही शिकविण्याची गरज नाही.

परंतु भरपाई ही अपघातानंतरची गोष्ट झाली. अपघातच होऊ नये म्हणून जे कायदे झाले, ते मात्र घराच्या उंबरठ्यापाशी थबकतात. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक मजूर असलेल्या ठिकाणी लागू होई, आणि १० लाखांपर्यंतच्या खर्चाचे स्वतःच्या राहत्या घराचे काम त्यातून वगळलेले होते. नव्या संहितेत ही मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. म्हणजे परांची कशी बांधावी, पट्टा कोणी पुरवावा, देखरेख कोणी करावी, हे सांगणारे नियम मोठ्या बांधकामास आहेत; चार रंगारी लावून रंगविलेल्या बंगल्यास नाहीत. या सवलतीचा हेतू सामान्य गृहस्थास सरकारी कागदपत्रांच्या जाचातून वाचविण्याचा असेल, आणि तेवढ्यापुरता तो वाजवीही आहे. पण कागदपत्रांतून मिळालेली सूट ही माणसाच्या जिवाविषयी मिळालेली सूट नव्हे. घरमालक कायद्याच्या व्याख्येत मालक ठरतो की नाही, याचा खल वकील करोत. आमचे मत स्पष्ट आहे: ज्याच्या भिंतीसाठी मनुष्य वर चढला, ज्याने त्यास चढ म्हटले आणि ज्याच्या पैशाने ते काम चालले, तोच मालक होय, आणि त्याची जबाबदारी मनुष्य पडल्यावर नव्हे, तर त्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी सुरू होते.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, ‘आम्ही काम ठेकेदारास दिले, पुढचे तो जाणे.’ ठेकेदाराची जबाबदारी आहे हे खरे. पण त्याचा दर ठरविताना आपण काय करतो? तिघांकडून दर मागवितो आणि सर्वांत कमी दरवाल्यास काम देतो. त्याचा दर कमी का, हे विचारीत नाही. रंग त्याच कंपनीचा, मजुरीही सारखी. मग कपात बहुधा परांचीत आणि पट्ट्यांतच झालेली असते. जो परांचीचा खर्च धरतो तो काम गमावतो व जो धरीत नाही तो मिळवितो, अशी व्यवस्था आपणच निर्माण केल्यावर दोष एकट्या ठेकेदारास देणे हा शुद्ध अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा की, ‘पट्टा दिला तरी ही माणसे लावीत नाहीत.’ यातही थोडे तथ्य आहे. पण ती का लावीत नाहीत? काम चौरस फुटांवर ठरलेले असते. पट्टा अडकविण्या-सोडविण्यात जाणारा वेळ त्यांच्या मजुरीतून जातो. वेळेचे पैसे मालकाने दिले तर पट्टाही लागेल. शिवाय १९२३ च्या कायद्याने येथे मोठा विवेक दाखविला होता. कामगाराने मद्य घेतले किंवा सुरक्षेचे साधन बुद्ध्या काढून टाकले, तर सामान्य दुखापतीची भरपाई नाकारता येत असे. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असता ही सबब मालकास चालत नसे. मेलेल्याच्या चुकीची शिक्षा त्याच्या मुलांस देऊ नये, हे त्यामागील तत्त्व होते.

तिसरे उत्तर सर्वांत जुने आणि सर्वांत घातक आहे: ‘आयुष्याची दोरी बळकट असेल तर काही होत नाही.’ देवावरील श्रद्धेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण आयुष्याची दोरी ज्याच्या हाती असेल त्याच्या हाती असो. गच्चीवरची दोरी मात्र आपल्या हाती आहे, आणि ती कुजलेली आहे की धड आहे हे पाहण्यास पंचांग लागत नाही. जे काम आपल्याकडून व्हावयाचे ते न करता त्याचा भार दैवावर टाकणे यास श्रद्धा म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

दोराचे मोल काय, हे आमच्या जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. २०२४ च्या गुढीपाडव्यास, म्हणजे ९ एप्रिल रोजी, नेवासे तालुक्यातील वाकडी येथे जनावरांचे शेण साठविलेल्या एका जुन्या विहिरीत पडलेल्या मांजरास काढण्यासाठी माणसे एकामागून एक उतरली आणि पाच जण प्राणास मुकले. एक जण वाचला. तो कमरेस दोर बांधून उतरला होता, म्हणून त्यास वर ओढून काढता आले. तेथील मृत्यूचे कारण विषारी वायू होता, उंची नव्हे, आणि ते मजुरीचे कामही नव्हते. तथापि दोर असलेला व दोर नसलेला यांतील अंतर त्या दिवशी जीवन आणि मरण यांतील अंतर ठरले.

दुसरे उदाहरण मुंबईच्या उंबरठ्यावरचे. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात एका नव्या चाळीस मजली निवासी इमारतीच्या गच्चीवर पाणी झिरपू नये म्हणून चाललेले काम आटोपून मजूर उद्वाहनातून खाली येत होते. उद्वाहन कोसळले आणि सात मजूर मेले. त्या मजुरांनी बेफिकिरी केली असे कोण म्हणेल? ते उद्वाहनात बसले, कारण त्यांच्यासाठी तेच ठेवले होते. उद्वाहनाची तार किंवा गच्चीची कडी मजूर तपासू शकत नाही. ज्याने ती पुरविली त्यासच ती तपासता येते. सुरक्षेची जबाबदारी मालकाची असते ती याचसाठी.

मालकाने मनावर घेतले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्याचे मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी सर्व पुलाखाली जाळे बांधविले. त्या जाळ्यात पडून १९ माणसे वाचली. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक परांची कोसळून तिच्या भाराने जाळे फाटले आणि १० जण मेले. या हकीकतीतून दोन बोध निघतात: साधनाने माणसे वाचतात, आणि साधन केवळ असून भागत नाही, ते पडणारा भार सोसेल असे असावे लागते.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही अशक्य असे काहीच सुचवीत नाही. मुख्य नियम एकच आहे: कामाचा दोर निराळा आणि जिवाचा दोर निराळा. ज्या दोरावर फळी लोंबते त्याच दोरावर मनुष्याचा जीव ठेवू नये. अंगावरील पट्ट्याचा दोर दुसऱ्या, स्वतंत्र व भक्कम ठिकाणी बांधलेला असावा. तो नळास नव्हे तर खांबास किंवा तुळईस बांधावा. कठड्याच्या धारेवर तो घासू नये म्हणून खाली गोणपाट घालावे. नुसता कमरेचा पट्टा विहिरीतून ओढून काढण्यास पुरेल. पडणाऱ्या देहाचा हिसका मात्र तो पाठीच्या कण्यावर देतो, म्हणून पट्टा सर्व शरीराचा असावा. पट्ट्यात लटकलेल्या मनुष्यास फार वेळ तसे ठेवणे घातक असते. त्यास ताबडतोब खाली घेणारी माणसे हजर असावीत.

गृहनिर्माण संस्थांची सबब तर मुळीच चालण्यासारखी नाही. त्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या शेकडा पाऊण टक्का इतकी रक्कम दरसाल दुरुस्ती व देखभाल निधीस जमा करावयाची असते. पैसा या कामासाठीच आहे. संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव करावा की, १२ फुटांवरील कोणत्याही कामाच्या दरपत्रकात परांची, पट्टे व कामगारांचा विमा यांचा खर्च स्वतंत्र रकान्यात दाखवावा, आणि त्या रकान्यात घासाघीस करू नये. पुढच्या रंगकामाच्या वेळी गच्चीवर कायमच्या मजबूत कड्या बसवून घ्याव्यात. माजघरात झोपाळ्यासाठी कड्या बसविणारे आम्ही लोक. गच्चीवर माणसाच्या जिवासाठी चार कड्या आम्हांस जड व्हाव्यात काय?

रंगाच्या व लोखंडी सामानाच्या दुकानदारांसही आमची विनंती आहे. शिड्या, बांबू आणि सेंट्रिंगचे साहित्य आपण दिवसाच्या भाड्याने देता. त्यांच्याजवळच दहा चांगले पट्टे व दोर ठेवा आणि भाड्याने द्या. ज्या गृहस्थास एका दिवसासाठी पट्टा विकत घेणे जड वाटते, तो भाड्याने खचित नेईल. यात धर्म आहे आणि व्यापारही आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट प्रत्येक गृहस्थास करता येण्यासारखी आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारास तेथे नाव नोंदविता येते. पण मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या घरी तर उद्या त्या घरी काम करणाऱ्या रंगाऱ्याने ९० दिवसांचा दाखला कोणाकडून आणावा? आपण मजुरी देताना, ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत याने माझे घरी काम केले,’ अशी सही-तारखेची चिठ्ठी द्यावी, आणि महानगरपालिकेने व तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदांनी अशा चिठ्ठ्या ग्राह्य धरून दाखले देण्याची सोय करावी. चिठ्ठी लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. ती लिहिताना ‘माझे घरी’ हे शब्द आपल्या हातून लिहिले जातील, आणि तेवढ्यानेच पुष्कळांस आपण मालक आहोत याची जाणीव होईल, असे आम्हांस वाटते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. आज ती सुटी देणे हा कोणास उपकार वाटत नाही. न देणे हाच अपराध वाटतो. सुधारणेची चाल अशीच असते. आज जिवाचा दोर मागणारा मजूर आम्हांस अडेलतट्टू वाटतो. उद्या तो न देणारा मालक निर्लज्ज वाटला पाहिजे. हा बदल सरकारच्या हुकुमाची वाट पाहत बसणार नाही, कारण हुकूम मोठ्या बांधकामावर जातो आणि आमची घरे लहान आहेत. तो एकेका घरातून व एकेका संस्थेतून सुरू व्हावयास हवा. येत्या दिवाळीस ज्यांच्या घरास रंग लागावयाचा आहे, त्यांनी रंगाची छटा निवडण्यापूर्वी गच्चीवर जावे आणि दोर कशास बांधणार हे एकदा स्वतः विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.